माझ्या बाटलीकडे बघ

न्डेबा, कंपाला
४ जानेवारी

रेस्टी,

त्या शनिवारी सकाळी मी आधी कच्ची केळी सोलली, त्यांचे मटोके पानात बांधून चुलीवर चढवले, कोंबड्या दारातून हाकलल्या आणि मग इस्त्रीत कोळसे भरले. दोन कपडे होते. जोझेच्या बाबांचा पांढरा कांझू आणि माझी हिरवी गोमेसी. कांझूला काय, वरपासून खालपर्यंत सरळ झगा, चार हात फिरवले की झालं. गोमेसीला वेळ लागतो. खांद्यांची टोकं ओली करून मुठीवर ताणून दाबावी लागतात, नाहीतर दिवसभर शेळीच्या कानांसारखी लोंबतात. मी ती टोकं दोनदा केली, कारण गोमेसी तू घालणार होतीस. तुझ्या भाचीचा क्वांजुला होता आणि तू आत्या. क्वांजुला म्हणजे नवरा मुलगा माणसं घेऊन मुलीच्या घरी मागणी घालायला येतो तो दिवस, पण त्यात नवऱ्या मुलापेक्षा आत्येकडे जास्त लोक बघतात. पुरुषांच्या रांगांतून फिरून तीच त्याला हुडकून काढते, हाताला धरून सगळ्यांपुढे उभा करते, म्हणते, हा आमचा.

जोझेचे बाबा कांझूवर कोट चढवून निघाले. "क्वांजुला आहे, उशीर होईल," म्हणाले. कुणाचा ते मी विचारलं नाही. शनिवारी कंपालात कुणाचा ना कुणाचा असतोच. मग तू आलीस. कमरेची पट्टी मी बांधली.

"नवरा तुलाच घेऊन जाईल गं," मी म्हणाले.

"गप, तेओ. पट्टी आवळ जरा."

मुलीसाठी म्हणून मी भरतकामाचे दोन अभ्रे कागदात गुंडाळून तुझ्या हातात दिले. तू ते बराच वेळ हातात धरून उभी होतीस. मला वाटलं, भरतकाम आवडलं.

त्या सकाळी तुम्ही दोघं माझ्याशी एक शब्दही खोटं बोलला नाहीत. हे मी अलीकडे पुष्कळदा उलटंपालटं करून पाहिलं.

तुझा निरोप आपल्या क्योमुहेंदोने दिला. फोर्ट पोर्टलला लेकीकडे तुझं बरं चाललंय हेही सांगितलं. तू विचारतेस, मार्चमध्ये गावी जोझेच्या बाबांचा दुखवटा उतरवतील, वारस बसवतील, मुलांना कुळापुढे आणतील, तेव्हा येऊ का? तुझ्या भाचीच्या, इमेल्डाच्या, दोघी मुलींना बापाच्या कुळाचं नाव मिळायचं तर कुणीतरी उभं राहून सांगायला हवं, की ह्यांच्या आईचा क्वांजुला रीतसर झाला, मी तिथे होते. तुझा भाऊ वारला. त्या दिवशी जोझेच्या बाबांच्या बाजूने बोललेला माणूस परदेशात. उरलीस तू. मुलींचं नाव तुझ्या जिभेवर आहे, आणि तू माझ्या अंगणात पाय ठेवावास की नाही हे माझ्या हातात आहे.

हो किंवा नाही, ते कळवीन. आज नाही कळवत. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, हे आपलं लहानपणापासूनचं. म्हणून लिहिते आहे. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही.

तेओपिस्टा


न्डेबा
१९ जानेवारी

रेस्टी,

तुझा फोन तीनदा वाजला. मी शाळेच्या गणवेशांना काजं करत होते. उचलला नाही.

आज शुक्रवारांबद्दल लिहिते. पहिला शुक्रवार तुला आठवतो? मला आठवतो. क्वांजुल्यानंतरचाच. तू गोमेसी धुऊन, घडी करून, वर्तमानपत्रात बांधून आणलीस आणि माझ्या मशीनसमोर ठेवलीस. म्हणालीस, "तेओ, तू ह्या शहरात जन्मलीस आणि तुला फक्त दोन रस्ते माहीत आहेत. एक बाजाराचा, एक चर्चचा."

"तिसरा कशाला हवा?"

"पाच ते सात हॅपी अवर असतो. एकावर एक फुकट. क्योमुहेंदो येते आहे. उठ."

"जोझेच्या बाबांना काय सांगू?"

"मी सांगितलंय. ते हो म्हणाले."

अगं, मी तेव्हा मनात म्हटलं, किती चांगला नवरा आहे. किती चांगली मैत्रीण आहे.

मग दर शुक्रवारी. नियम क्योमुहेंदोने केला, एका बारमध्ये दोनदा जायचं नाही. "कंपालात बार जास्त आहेत का पाप, ते बघू," ती म्हणायची. पण जागा बहुतेक वेळा तू निवडायचीस. काबालागालाचा तो गोंगाट, जिथे आपण तिघी एकमेकींच्या कानात ओरडून बोललो आणि शेवटी आवाज गेला. न्टिंडातली गच्ची. मुन्योन्योला सरोवरावर पाण्यात रोवलेल्या खांबांवरचा, जिथे माझी चप्पल फळ्यांच्या फटीतून खाली गेली आणि होडीवाल्याने ती वल्ह्याने काढून देताना तुला लग्नाचं विचारलं. नागुरूत मालवाचं, नाचणीच्या बिअरचं, मडकं. दहाबारा परकी माणसं एका मडक्याभोवती, प्रत्येकाच्या तोंडात लांब नळी, जणू सगळे मिळून एकाच गाईचं दूध काढताहेत. आणि कोलोलोचं ते हॉटेल! पेल्यात कागदाची छत्री होती. क्योमुहेंदोने वेटरला बोलावून विचारलं, "बाळा, आत पाऊस पडतो का?"

मी पाचवीत शाळा सोडलेली. पुढचं सगळं शेजारच्या जुन्या पुस्तकांच्या टपरीवर बसून वाचलं. पुस्तकांत लोक शहरं हिंडतात. मला वाटायचं, मीही हिंडते आहे. बोडावर, भाड्याच्या मोटारसायकलवर, मागे बसून अनोळखी टेकडी चढताना मी पाट्या मोठ्याने वाचायचे. घरी येऊन जोझेच्या बाबांना सांगायचे, आज इथे गेलो, तिथे कोंबडी अशी भाजतात. ते ऐकायचे. हसायचे. "पुढच्या शुक्रवारी कुठे?" असं आपणहून विचारायचे. मी त्याला माया समजत होते.

बार कुठलाही असो, मुलगी येऊन आधी विचारणार, गार की साधी? क्योमुहेंदो म्हणायची, मुडद्यासारखी गार. मी गार. तू साधी. गार बिअरने तुझे दात शिवशिवतात, आणि तू ते दर वेळी, दर मुलीला समजावून सांगायचीस, जणू डॉक्टरकडे आलीस. बाटली आपल्यासमोर उघडायची. मागे संडासला जायचं झालं तर झाकण परत बाटलीवर ठेवायचं आणि ज्याच्यावर भरवसा आहे त्याला सांगून उठायचं. कोण केव्हा काय टाकेल, ह्या शहरात सांगता येत नाही. सख्ख्या बहिणींपुढे बाटली न सोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

मी तुला सांगायचे, "रेस्टी, माझ्या बाटलीकडे बघ." आणि निघून जायचे. मागे वळूनसुद्धा पाहायचे नाही.

तेओपिस्टा


न्डेबा
३ फेब्रुवारी

रेस्टी,

क्योमुहेंदो येऊन बसली होती. म्हणाली, "रेस्टी रडते फोनवर." मी म्हटलं, "रडू दे." ती म्हणाली, "तुमच्या दोघींच्या मधे मी निरोप नेऊन नेऊन पोस्टमनची वर्दी शिवायला टाकीन हं." मग चहा प्यायली आणि हळूच विचारलं, "तेओ, मलाही माहीत होतं असं तुला वाटतं का?" मी नाही म्हटलं. तिच्या पोटात काही राहत नाही. माहीत असतं तर तिने पहिल्याच पेल्याबरोबर ओकलं असतं. ती गेल्यावर मला उगाच रडू आलं. बऱ्याच दिवसांनी.

आता त्या नोव्हेंबरच्या शुक्रवाराबद्दल. दफनानंतर मी महिनोन्‌महिने बाहेर पडले नव्हते. तुम्हीच म्हणालात, चल, आता तू निवड. मी म्हटलं, कावेम्पे. आपण कधीच गेलो नाही तिकडे.

"कावेम्पे?" तू म्हणालीस. "तिथे गटारं वर येतात. डास आहेत. संडास घाण."

"तू कधी पाहिलेस?"

"लोक सांगतात."

"मग आपण बघू आणि लोकांना सांगू," क्योमुहेंदो म्हणाली.

खरं सांगू, माझ्या मनात काही नव्हतं. शहराच्या त्या एका बाजूच्या पाट्या मी वाचल्या नव्हत्या, एवढंच. तिथेही तू दोन बार सुचवलेस आणि मी तिसरा निवडला, कारण त्याच्या दाराशी भोपळ्याचा वेल चढवला होता. नाव होतं सान्यू. आनंद. तू बोडावरून उतरलीस आणि पैसे देण्यात खूप वेळ लावलास.

आपण बसलो. मुलगी आली. मला विचारलं, गार की साधी? क्योमुहेंदोला विचारलं, गार की साधी? मग तिने तुझ्यापुढे साधी बाटली ठेवली आणि उघडली. तुला विचारलंच नाही.

मी शिंपीण आहे. एक टाका सुटला तर मला दिसतो. पण त्या क्षणी मी स्वतःला म्हटलं, विसरली असेल पोरगी. माणूस स्वतःला किती लवकर समजावतो बघ. तुझा चेहरा मी पाहिला नाही. तू बाटलीकडे बघत होतीस.

मग बादलीवाला आला. नाकतोड्यांचा हंगाम. कांदामिरचीत परतलेले, अजून गरम. तू दर वर्षी मला चिडवायचीस ते आठव. "नवऱ्याच्या कुळाचे आहेत ते, तेओ! दीर खातेस की सासरा?" नाकतोड्याच्या कुळात लग्न करून मी घरात कधी एक नाकतोडा आणला नाही. पण नोव्हेंबरच्या शुक्रवारी, बाहेर, तुमच्यासोबत, मी खायचे. आणि तू माझी ही चोरी सांभाळायचीस. मला वाटायचं, तुझ्यामाझ्यामधलं गुपित म्हणजे एवढंच.

गल्ल्याच्या कोपऱ्यात एक मुलगी गृहपाठ करत बसली होती. आठेक वर्षांची असेल. क्योमुहेंदोने तिच्यापुढे मूठ धरली. "घे गं, राणी."

"नको. आम्ही खात नाही."

"का? दात दुखतात?"

"ते आमच्यातले आहेत," मुलगी म्हणाली. "माझ्या बाबांच्या कुळातले."

"अच्छा, म्हणजे मी तुझ्या काकाला तळून खातेय. आणि बाबा कुठे आहेत तुझे?"

"वारले. ईस्टरच्या आधी."

ती बोलताना मी तिचे पुढचे दात पाहिले. मधे फट. जोझेला आहे तशी. जोझेच्या बाबांना होती तशी, ज्यातून ते शिट्टी घालून कोंबड्यांना बोलवायचे.

मधली पानं फाटलेली पुस्तकं मी टपरीवर बरीच वाचली आहेत. शेवट हाती लागला की मागे जाऊन गळालेलं मनात लिहायचं, ही माझी सवय. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मी ते केलं. कांझू. गोमेसी. शुक्रवार. दर शुक्रवारी नवी जागा, आणि कावेम्पे कधीच नाही. साधी बाटली.

मला मागे जायचं होतं. सवयीने मी झाकण बाटलीवर ठेवलं आणि माझ्याच तोंडून आलं, "रेस्टी, माझ्या बाटलीकडे बघ."

परत आले तेव्हा तू ती दोन्ही हातांनी गळ्याशी धरून बसली होतीस. झाकण जागेवर. माझी खात्री आहे, तू डोळासुद्धा लववला नसशील.

मी ती प्यायले नाही. तुझ्या लक्षात आलं होतं. तू म्हणालीस, "चला, सात वाजत आले, दुप्पट संपेल." दहा दिवसांत तू लेकीकडे निघून गेलीस.

ते.


न्डेबा
१७ फेब्रुवारी

रेस्टी,

तुझं पत्र आलं. अक्षर चांगलं काढलं आहेस. तू लिहितेस, तुला सांगितलं असतं तर तू मोडून पडली असतीस. लिहितेस, माझ्या भावाची पोर पोटुशी होती आणि भाऊ मारायला उठला होता, मी काय करायचं होतं? लिहितेस, तेओ, मला तुझ्यासाठी एवढंच करता आलं, की मी तुला इतकी वर्षं हसत ठेवलं.

पहिल्या दोन गोष्टी मी समजू शकते. मोडून पडले असते, खरं आहे. बायका मोडतात, मग उठून केळी सोलतात. भावाची मुलगी म्हणजे आत्येची जबाबदारी, तेही खरं. तू तिच्या क्वांजुल्यात उभी राहिलीस म्हणून मी तुला कदाचित काही वर्षांनी माफ केलं असतं.

तिसरी गोष्ट मला गिळता येत नाही.

मी परत गेले होते सान्यूमध्ये. तुला कुणी सांगितलं नसेल. ख्रिसमसच्या आधी, भर दुपारी, एकटी. इमेल्डा आतून हात पुसत आली आणि मला बघताच तिथेच सिमेंटवर दोन्ही गुडघ्यांवर बसली. गिऱ्हाइकासाठी बायका जरासा गुडघा वाकवतात, तसं नाही. सासूपुढे बसतात तसं.

"जोझेची आई," ती म्हणाली, "मी किती वर्षं वाट बघतेय."

"कशाची?"

"तुम्ही कधीतरी बोलवाल म्हणून. आत्या म्हणायची, त्यांना सगळं ठाऊक आहे, त्यांचा राग नाही, पण तोंड बघायचं नाही म्हणतात. मान ठेव, त्यांच्या वाटेत येऊ नकोस. मी आले नाही. दफनालाही आले नाही. मुलींना घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले."

मी म्हटलं, "मला सगळं ठाऊक आहे असं तुला कशावरून वाटलं?"

ती उठून आत गेली. उशीचे दोन अभ्रे घेऊन आली. धुऊन धुऊन धागा विरलाय, पण पक्षी ओळखू येतात. डाव्या पक्ष्याला मी चुकून तीन पाय काढले होते.

"हे तुम्ही पाठवलेत ना?" ती म्हणाली. "मी क्वांजुल्याला तयार नव्हते. म्हटलं, त्यांची बायको आहे घरात, चर्चमधली, मला नको. आत्याने हे माझ्या मांडीवर ठेवले. म्हणाली, बघ, तिने स्वतः पाठवलेत. आता तरी उठ."

रेस्टी, मी तुला मुलीसाठी भेट दिली होती. तू तिच्यापुढे माझा होकार म्हणून मांडलास.

मी तिला खरं सांगितलं. मग तिने विचारलं, "मग तुम्ही शुक्रवारी मुद्दाम बाहेर जात नव्हता? ते म्हणायचे, शुक्रवार तिने तुला दिलाय. पाचला यायचे. थोरलीला, सान्यूला, पाढे म्हणायला लावायचे. आठला निघायचे."

तर असं आहे. काबालागाला, मुन्योन्यो, ते मडकं, ती छत्री. मी जेव्हा जेव्हा हसले, तेव्हा तेव्हा कावेम्पेत एक खुर्ची पुढे ओढली जात होती. तू मला शहर दाखवत नव्हतीस. तू मला घरातून बाहेर काढत होतीस. आणि वाईट ह्याचं वाटतं, की मला फार मजा आली. जोझेचे बाबा गेले, ते दुःख मला पेलतं. ते रोजचं आहे, भांडी घासताना येतं, बसतं, जातं. त्यांच्यावरचा रागही पेलतो, मेलेल्या माणसावर किती रागवणार. पण हे शुक्रवार मी कुठे ठेवू? टाकता येत नाहीत आणि घरात ठेवता येत नाहीत. चप्पल पाण्यात पडली ते आठवून मला अजून हसू येतं, आणि मग त्या हसण्याची किळस येते.

तू म्हणतेस, मी तुला हसत ठेवलं. हो. बकरीला पाला दाखवतात आणि मागून दोर आवळतात, तसं.

इमेल्डा गुडघ्यांवरच होती. मी म्हटलं, उठ, गुडघे दुखतील. ती म्हणाली, "मुलींना नाव मिळेल का? शाळेत विचारतात. सान्यू काय, किसा काय, ही हाक मारायची नावं आहेत. बापाकडचं काय लिहू?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. उठले आणि आले.

तेओपिस्टा


न्डेबा
१० मार्च

रेस्टी,

हे शेवटचं.

रविवारी चर्चनंतर माझे थोरले दीर अनातोली आले. तू ओळखतेस, छत्री उघडून घरात शिरतात आणि मग मिटतात. बसले, चहा घेतला, गावच्या तयारीचं बोलले. किती मडकी केळ्यांची बिअर लागेल, मंडप कुणाचा, वारस म्हणून जोझेच्या अंगावर झाडाच्या सालीचं वस्त्र कोण बांधणार. मग कप खाली ठेवला.

"वहिनी, कावेम्पेचं काय करायचं?"

"तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

त्यांनी छत्रीची मूठ फिरवली. "कानावर होतं."

"तुमच्याही कानावर होतं. छान."

"रागवा, तुमचा हक्क आहे. पण वडीलधारे विचारणार. कोणी बाई दोन मुली घेऊन मंडपात आली तर कुळ म्हणेल, साक्ष आणा. ती आत्या येते म्हणते ना? ती उभी राहून सांगेल. नाहीतर मुली आल्या तशा जातील."

"ती आली नाही तर दुसरा काही मार्ग?"

त्यांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. बाहेर कोंबड्या भांडत होत्या.

"एक आहे," मग म्हणाले. "पण तो मी तुम्हाला सुचवणार नाही. मुलं वडीलधाऱ्यांपुढे येतात तेव्हा ती आधी घरच्या बाईच्या चटईवर बसलेली असतात. तिथून एकेकाला हाक मारतात. तुमच्या चटईवर जी मुलं बसलेली असतील, ती ह्या घरातली. तिथे कुणी साक्ष मागत नाही. कुणाची टाप आहे?"

"मी बसवलं म्हणजे झालं?"

"तुम्ही बसवलं म्हणजे झालं."

ते गेले. मी कप धुतले. जोझेच्या बाबांच्या खुर्चीवर बसले, जिथे मी एरवी बसत नाही.

मी स्वतःशी खोटं बोलणार नाही. सुरुवातीला मला गंमत वाटली होती, की तुला नाही म्हणायचं आणि मुलींना तसंच राहू द्यायचं. म्हणजे तू काय केलंस ते तुला आयुष्यभर दिसेल. जानेवारीपासून मी हे मनात धरून होते. म्हणूनच उत्तर देत नव्हते. पण ती मुलगी नाकतोडा खात नाही. समोर गरम, कांदामिरचीतला नाकतोडा, आणि कुळातलं कुणी बघत नसताना ती नको म्हणते, कारण बापाने सांगितलंय ते आपल्यातले आहेत. जे कुळ तिला ओळखत नाही, ते ती पाळते. तिला कुणी फसवलं नव्हतं का? तिच्या आईला? आम्ही सगळ्या तुझ्याच हातून फसलो, फक्त वेगवेगळ्या टेबलांवर बसून.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. येऊ नकोस. साक्ष लागणार नाही. मुली माझ्या चटईवर बसतील, इमेल्डा माझ्या मागे बसेल, आणि तुझ्या जिभेवर आता कुणाचं काही नाही. तू एवढीच एक वाट धरून परत यायचं म्हणत होतीस, तीही मी बंद केली. हे मी समजून उमजून करते आहे.

क्योमुहेंदोने शुक्रवारी बोलावलं होतं. गेले. तिने निवडलेला बार होता, एन्टेबेच्या रस्त्याला. मुलीने विचारलं, गार की साधी? एकावर एक फुकट म्हणून बाटल्या चार आल्या. आम्ही दोघीच. मधे मागे जायचं होतं. मी बाटली हातात घेऊनच गेले. क्योमुहेंदोने ते पाहिलं आणि पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही. हे तुझ्यामुळे झालं, की मी त्या बिचारीपुढेही बाटली सोडू शकत नाही. बदलेल का, मला ठाऊक नाही.

हिरव्या गोमेसीबद्दल. तू परत दिलीस तेव्हापासून मी ती कितीदा घातली. जोझेच्या लग्नात घातली. एका ईस्टरला चर्चमध्ये त्यांच्या शेजारी बसले होते, तेव्हा ते कडेने बघून म्हणाले होते, हा रंग तुला शोभतो. आता मला कळतं, त्यांनी तो रंग आधी कुणाच्या अंगावर बघितला होता, आणि त्या रंगाने हात धरून त्यांना कुठे उभं केलं होतं. नोव्हेंबरपासून ती पेटीच्या तळाशी होती. मला ती जाळायची होती. कापड मात्र चांगलं आहे, घेर भरपूर आहे, कुठे विरलेलं नाही. कापडाचा काही दोष नाही.

रविवारी दीर गेल्यावर मी पेटी उघडून ती बाहेर काढली आणि मशीनवर टाकून ठेवली. रात्रभर ती तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केळी सोलली, मटोके चढवले, मग हिरवी गोमेसी शिवणीशिवणीने उसवली आणि तिच्यातून दोन लहान गोमेसी बेतल्या. दुपारपर्यंत शिवून झाल्या. मग इस्त्रीत कोळसे भरले आणि खांद्यांची चारही टोकं दोनदा दाबली.